आल्बवरच्या गावात बिऱ्हाड थाटताना

श्टुटगार्टमधला दोन खोल्यांचा फ्लॅट सोडून आम्ही चौघं सहा वर्षांपूर्वी श्वेबिशे आल्बवरच्या एका गावात राहायला आलो. आल्ब म्हणजे दक्षिण जर्मनीतलं चुनखडीचं लांबलचक पठार. आमच्या गावाची वस्ती नऊशेच्या आसपास. एक बेकरी, एक चर्च, अग्निशमन दलाची गाडी ठेवायची शेड आणि तासाला एक बस. रविवारी तीही नाही. मी मूळची आटपाडीची, नवरा पुण्याचा. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन कुटुंबांनी फोन करून एकच विचारलं, की गावात गेलो तर एकटे पडू का? प्रत्येकाशी मी तासभर बोलले. तेच आता नीट लिहून ठेवते.

आधी एक सांगते. या गावांत मैत्री कामातून जुळते. आधी चार जणांबरोबर जत्रेची बाकं उचलायची, मग गप्पा. हे मला कळायला दीड वर्ष लागलं. तुम्हाला एवढा वेळ लागू नये.

पहिला महिना

घर बदललं की दोन आठवड्यांत ग्रामकार्यालयात नोंदणी करावी लागते. त्याच आठवड्यात आजूबाजूच्या चार घरांच्या बेल वाजवा. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण येऊन चहाचं विचारते. इथं उलटी रीत आहे: नव्यानं आलेल्यानं जाऊन आपली ओळख करून द्यायची. आम्ही तीन महिने वाट बघत बसलो आणि शेजाऱ्यांना वाटलं, या लोकांना कुणाशी संबंध नको आहे. शनिवारी सकाळी दहानंतर जा. बारा ते दोन जाऊ नका, ती जेवणाची आणि दुपारच्या शांततेची वेळ. दारातच दोन मिनिटं बोला, नावं सांगा, निघा.

रस्त्यात दिसेल त्याला ‘ग्र्यूस गॉट्ट’ म्हणा, ओळख असो वा नसो. शहरात अनोळखी माणसाला नमस्कार केला तर तो दचकतो. गावात नमस्कार केला नाही तर ते लक्षात ठेवलं जातं. मुलांनाही हे शिकवा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. ‘डू’वर यायचं आमंत्रण वयानं मोठ्या माणसाकडून येतं, आपण घाई करायची नाही. शेजारच्या आजींनी मला ते तिसऱ्या वर्षी दिलं, हात पुढे करून, स्वतःचं पहिलं नाव सांगून. खेळाच्या आणि वाद्यांच्या मंडळांत मात्र पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना ‘डू’च म्हणतात.

दर आठवड्याला ग्रामपंचायतीचं पत्रक निघतं. ते वर्गणी भरून घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. कुठल्या दिवशी कुठला कचरा उचलणार, कुणाचा ऐंशीवा वाढदिवस, कुठल्या मंडळाला शनिवारी माणसं हवी आहेत, सगळं त्यात असतं. माझं निम्मं जर्मन त्या पत्रकानं पक्कं केलं.

भाषेचं आणखी थोडं. वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन इथं बोलली जात नाही, श्वेबिश बोलली जाते. शब्दांना ‘ले’ जोडून सगळं छोटं आणि लाडकं करतात, वाक्याच्या शेवटी ‘गेल?’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘होय की नाही?’. पुण्यात माझ्या माणदेशी बोलण्यावर वर्गात हसू व्हायचं. त्यामुळे इथल्या लोकांना आपल्या बोलीबद्दल काय वाटतं, ते मला आतून कळतं. न समजलेला शब्द मी थांबवून विचारते आणि वापरते. त्याचा त्यांना होणारा आनंद अगदी उघड दिसतो.

झाडू आणि फावडं

श्वाबेन म्हणजे आमच्या या भागात ‘केअरवोखे’ नावाची जुनी प्रथा आहे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत दारावर पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना आणि समोरचा फुटपाथ आपण झाडायचा. स्वतंत्र घर असलं तरी शनिवारी दुपारी सगळी गल्ली झाडू घेऊन बाहेर असते. त्या अर्ध्या तासात जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या एरवी महिनाभरात होत नाहीत. म्हणून तेव्हाच झाडा. रविवारी मात्र गवत कापायचं यंत्र, ड्रिल, काचेच्या रिकाम्या बाटल्या गावच्या डब्यात टाकणं, सगळं बंद.

आल्बवर बर्फ भरपूर पडतं. आमच्याकडे कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत घरासमोरचा फुटपाथ मोकळा करायचा नियम आहे. पहिल्या हिवाळ्यात मुलगा तापानं फणफणलेला, नवरा दौऱ्यावर. सात वाजता खिडकीतून बघितलं तर आमचा फुटपाथ कुणीतरी साफ करून गेलं होतं. समोरचे काका, वय बहात्तर. मी दुपारी आभार मानायला गेले तर ते नुसतं ‘हं’ म्हणाले. इथं म्हणच आहे, की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. माझे वडील याच जातीचे, त्यामुळे मला ते ‘हं’ पुरलं. पुढच्या बर्फाला मी साडेसहाला उठून दोन्ही घरांसमोरचं साफ केलं. तेव्हापासून जो आधी उठेल तो दोन्हीकडचं करतो. मदत मिळाली की संकोचानं नाकारू नका. ती घ्या, आणि पुढच्या वेळी आपण करा.

पाण्याची गोष्ट

त्याच काकांशी खरी मैत्री पाण्यामुळे झाली. चुनखडीचा दगड भेगाळलेला असल्यानं आल्बवर पडलेला पाऊस थेट खाली झिरपतो आणि दरीत झरे होऊन निघतो. वरच्या गावांत फारशा विहिरी नव्हत्या. छपराचं पाणी हौदात साठवायचं, गावच्या तळ्यावर, ज्याला इथं ‘ह्यूले’ म्हणतात, जनावरं पाजायची, आणि दुष्काळात पिंपं घेऊन बैलगाड्या दरीत उतरायच्या. कार्ल एहमान या अभियंत्यानं दरीतलं पाणी पंपांनी पठारावर चढवायची योजना आखली आणि १८७१ साली युस्टिंगेन या गावात पहिल्यांदा नळाला पाणी आलं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना माझी आटपाडी सांगितली: टँकरच्या रांगा, हंडे, आणि नंतर टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं कृष्णेचं पाणी. फोनवर नकाशा काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो कितीतरी वेळ बघितला.

गावात राहायला जाल तिथल्या जमिनीची, पाण्याची, पिकाची गोष्ट विचारा. ‘तुमच्याकडे कसं असतं?’ हा प्रश्न मग आपोआप परत येतो, आणि तो सण-उत्सवांपुरता राहत नाही.

खाणं किती आणि कसं

पहिल्या दिवाळीला मी दहा दिवस आधी वीस जणांना जेवायला बोलावलं. तिघं आली. बाकीच्यांची त्या संध्याकाळी वाद्यमंडळाची तालीम होती. मी खूप रडले होते. आता चार-पाच आठवडे आधी सांगते, पत्रकातल्या तारखा तपासते, आणि जेवणाऐवजी दुपारी साडेतीनला कॉफी आणि केकच्या वेळेला बोलावते. सांगितलेल्या मिनिटाला माणसं दारात असतात, तुम्हीही तसंच जा.

फराळाचं भरलेलं ताट शेजारी पाठवू नका. एवढं दिलं की ते कसं फेडायचं याचं समोरच्याला ओझं होतं. वाटीभर द्या. भांडं रिकामं परत करू नये हे आपल्या आईनं आपल्याला शिकवलंय, आणि इथंही तसंच आहे: माझी वाटी प्लमच्या जॅमची बाटली घेऊन परत आली.

मसुराची आमटी जरूर करा. आल्बची स्वतःची बारीक मसूर आहे. तिचं जुनं वाण इथून नाहीसं झालं होतं, ते २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बियाणं संग्रहात सापडलं आणि पुन्हा पेरलं गेलं. इथं ती श्पेट्झले नावाच्या अंड्याच्या जाड शेवयांबरोबर, वरून व्हिनेगर घालून खातात. मी तीच मसूर घेऊन गोडा मसाला आणि चिंच घालते. आंबट डाळ त्यांना परकी वाटत नाही.

गावाच्या जत्रेला पत्रकात केक मागवतात. नाव लिहा आणि न्या. डब्यावर स्वतःचं नाव चिकटवा म्हणजे डबा परत मिळतो. आणि नुसता केक देऊन येऊ नका, भांडी धुवायच्या यादीत दोन तास मागा. नवखीला भांडी धुवायची जागा सगळ्यांत चांगली, कारण बोलणं थोडं चुकलं तरी हात चालू असतात.

आता बाकहाउस. या भागातल्या बऱ्याच गावांत सामाईक भट्टी असते, दगडी खोलीत. काटक्यांच्या मोळ्या पेटवून ती तापवतात, निखारे ओढून बाहेर काढतात, ओल्या झाडूनं तळ पुसतात. पहिल्या कडक आचेवर पातळ रोटीसारखी ‘डिनेटे’, मग पाव, आणि आच उतरू लागली की केक. कुणाची पाळी कधी, ते आमच्या गावात चिठ्ठ्या टाकून ठरतं. पहिल्यांदा तिथं उभी राहिले आणि मला आजी आठवली. दिवाळीच्या आधी ती पिठाचे डबे घेऊन बेकरीत जायची, पत्र्याच्या ट्रेवर नानकटाई थापून भट्टीत द्यायची, आणि आम्ही नातवंडं गरम ट्रेची राखण करत बसायचो. मी विचारलं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या आचेवर माझं काही भाजू का? आता दर ऑक्टोबरात शेवटची पाळी माझी असते. मैद्याला ४०५ नंबरचं पीठ घ्या, तुपाला किराण्यात मिळणारं ‘बुटरश्माल्झ’, वेलदोडा नाताळच्या खाऊमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बायका आता नानकटाईसाठी थांबतात. तिथल्याच बाकावर मला पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या घटस्फोटाबद्दल सांगितलं, आणि मी माझ्या आईच्या आजारपणाबद्दल.

घरातलं

गावात जाण्याआधी दोघांच्याही वाहन परवान्याचा विचार करा. भारतीय परवाना इथं राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आम्ही खर्च वाचवायला फक्त नवऱ्याचा काढला. मी दीड वर्ष बसच्या वेळापत्रकावर जगले आणि घरातली बहुतेक भांडणं त्यातून झाली. पैसे उसने घ्यावे लागले तरी दोघांनी काढा.

नवरा स्वयंसेवी अग्निशमन दलात गेला. इथल्या गावांची आग हीच माणसं विझवतात, त्यामुळे नवी माणसं त्यांना मनापासून हवी असतात. मुलांची तुम्हाला फार काळजी करावी लागणार नाही. ती शाळेत एकटी चालत जातात, वाटेत मित्र गोळा करतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा फक्त आधी देऊ नका, ते अशुभ मानतात.

मराठीसाठी मात्र वेळ बांधावा लागतो. भारताशी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. रविवारी सकाळी दहाला आमचा आटपाडीला फोन असतो, आणि मुलांनी आठवड्यातली एक गोष्ट आजोबांना मराठीत सांगायची असते. मुलीला ‘मेंढी’ आणि ‘बकरी’ यातला फरक आजोबांनीच फोनवर शिकवला.

आईवडिलांना बोलवाल तेव्हा मे ते सप्टेंबर या काळात बोलवा. व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. दिवसभर घरात बसून ते कोमेजतात, म्हणून चालत जाता येईल अशी एक जागा त्यांना आधीच शोधून ठेवा. माझ्या वडिलांना ती आपोआप सापडली. आल्बच्या माळांवर अजून मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. मेंढ्यांनी चरल्यामुळेच ते माळ मोकळे राहिलेत. तिसऱ्या दिवशी बाबा कळपापाशी जाऊन उभे राहिले. दोघांना एकमेकांचा एक शब्द समजत नव्हता. मेंढपाळानं एक मेंढी धरून पुढं केली. बाबांनी तिचा ओठ वर करून दात बघितले, ‘चारदाती’ म्हणाले आणि दोन बोटं वर केली, म्हणजे दोन वर्षांची. मेंढपाळानं मान हलवली आणि स्वतःचीही दोन बोटं वर केली.