पाड्यावर सिकलसेलचा सर्व्हे करायचाय? मग आधी हे वाचा

एमपीएच, एमएसडब्ल्यू, बीएएमएस करणारी बरीच मुलं हल्ली नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडे प्रोजेक्टसाठी जातात आणि दर वर्षी दोघं-तिघं तरी मला विचारतात की सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, सर्व्हे कसा करायचा. सॅम्पल साइज वगैरे कॉलेजात शिकवतात, मी बाकीचं सांगतो.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजींनी सुई बघून हात पदराखाली घेतला. आशाताईंनी त्यांच्या बोलीत विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी असंच कोणीतरी येऊन घरातल्या सगळ्यांचं रक्त नेलं होतं, रिपोर्ट आलाच नाही आणि नातवाचे सांधे मधली दोन वर्षं दुखतच राहिले. त्यानंतर मी कुठल्याही प्रोजेक्टचं पहिलं पान असंच लिहितो: रिपोर्ट घरी कोण पोचवणार, कधी, कुठल्या गाडीने. त्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. जमणार नसेल तर रक्त घेऊच नका, खरंच नका घेऊ.

आता वेळ. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेला असतो, होळीला लोक परत येतात, मग मोहफुलं वेचायला पहाटेच रानात. भातलावणीत तर कोणाला थांबवूच नका. बाजाराचा दिवस टाळा, संध्याकाळी जा, आणि एखाद्याची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्या, पण भेटवस्तूंचं आमिष नको.

परवानगीचं म्हणाल तर कॉलेजची एथिक्स कमिटी, आरोग्य खातं, आदिवासी प्रकल्प कार्यालय हे सगळं लागतंच, पण मी ग्रामसभेत आणि पाड्याच्या बैठकीतही बसतो, तिथे लोक जे प्रश्न विचारतात ते कमिटीतसुद्धा कोणी विचारत नाही. फक्त सरपंच हो म्हणाला म्हणजे पाडा हो म्हणाला असं नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे साफ आहे, प्रमुखाने होकार दिला तरी प्रत्येकाची वेगळी संमती घ्यावीच लागते. आणि पोलीस पाटील शेजारी उभा असताना दिलेला होकार मी तरी होकार धरत नाही, दुसऱ्या दिवशी एकटं जाऊन पुन्हा विचारतो.

संमतीचा कागद वाचून दाखवून काही होत नाही. मी चिंचोके घेऊन बसतो. चिंचोका सोललेल्या बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी, एक रंग चांगल्या गुणाचा, दुसरा सिकलसेलच्या गुणाचा. आईकडे दोन, बापाकडे दोन, दोघांनी एकेक बाळाला दिला. दोघंही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाच्या दोनांतला एकच सिकलसेलचा असेल, तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता बाळ आजारी असण्याची, हे बाया स्वतःच चिंचोके हलवून मला सांगतात. मग रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसेत अडकते, त्याने दुखतं, एवढं सांगितलं की पुरे. किती रक्त घेणार ते जांभळ्या टोपणाची नळी हातात देऊन दाखवा, कारण बाटलीभर रक्त नेतात अशी भीती खरोखर असते. अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या टीमचा नको.

आश्रमशाळेत मात्र फार जपून. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) लस देण्याचा प्रकल्प झाला, बऱ्याच फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या, २०१० मध्ये तो थांबवावा लागला आणि पुढे संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. गाव लांब आहे, आईवडील कामावर आहेत, ही कारणं आपल्याकडेही तीच असतात. तरीही आईवडिलांपर्यंत जा, आणि मुलालाही विचारा.

टेस्टचं थोडक्यात. सोल्युबिलिटी, म्हणजे पहिली झटपट चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे रुग्ण असं सांगून टाकू नका, त्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या पक्क्या चाचण्या झाल्यावरच सांगायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी टेस्ट करूच नका.

रिपोर्ट देताना अंगणवाडीत सगळ्यांना गोळा करून नावं वाचू नका. वाहक मुलगी म्हणजे आजारी मुलगी असं गावभर झालं की तिचं ठरलेलं लग्न मोडू शकतं, मी हे बघितलंय. घरी जा, त्या माणसाला वेगळं बसवून सांगा, वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही हे आधी सांगा. दुभाषी म्हणून त्याच पाड्यावरची बाई घेतली तर तिलाही हे कळतं, त्यामुळे कोणाला कोण चालेल ते घरच्यांनाच विचारा.

उरलेलं सॅम्पल पुढच्या पेपरसाठी फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह होतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी डायबेटिसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं, ते न विचारता स्किझोफ्रेनिया आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. दुसरं काही तपासायचं असेल तर पुन्हा जाऊन विचारा.

अजून एक, घरात फॉर्म भरताना पोराचा दंड बारीक दिसला तर दंड मोजायची पट्टी लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषण, फॉर्म बाजूला ठेवा, आधी आशाताईंना हाक मारा आणि त्या पोराला दवाखान्यात न्यायची सोय बघा, तुमच्या अभ्यासाचा विषय सिकलसेल असला तरी.

त्या आजींनी नंतर रक्त दिलं, पण आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा, नातवाचा कन्फर्म रिपोर्ट आणि ग्रामीण रुग्णालयातल्या तपासणीची तारीख घेऊन. त्या दिवशी त्याला आणि त्याच्या आईला आमच्याच जीपमधून नेलं.