जुन्या डेस्कटॉपचा पंखा गुरगुरतोय? आवाज दाबण्याच्या नादात या चुका टाळा

आठ-दहा वर्षं वापरलेल्या डेस्कटॉपचा पंखा मोठ्याने फिरायला लागला की बहुतेक जण थेट वेग कमी करायचा उपाय शोधतात. तिथेच चुकतं. मदरबोर्ड पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवतो. बहुतेक वेळा प्रोसेसर तापलाय म्हणूनच पंखा पळतोय. अशा वेळी वेग बांधून टाकला तर आवाज जाईल, पण प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंदावेल आणि शेवटी मशीन अचानक बंद पडेल. आधी उष्णता उतरवा, वेगाचं नंतर.

कोणता पंखा वाजतोय हे न बघता नवा आणणं

कॅबिनेटमध्ये साधारण तीन पंखे असतात: प्रोसेसरचा, मागच्या बाजूचा आणि एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा). वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा चौथा. साइड पॅनल काढून, मशीन चालू असताना, पेन्सिलच्या खोडरबराचं टोक पंख्याच्या मधल्या गोल भागावर (पात्यांवर नव्हे) क्षणभर टेकवा. आवाज थांबला तर तोच पंखा. एसएमपीएसच्या जाळीतून मात्र काहीही आत घालू नका.

आवाजाचा पोतही ऐका. वाऱ्याचा एकसारखा घोंगाट म्हणजे पंखा ठीक आहे, फक्त जास्त वेगाने फिरतोय. सुरू करताना खरखर आणि थोड्या वेळाने शांत, म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय. टकटक येत असेल तर आधी एखादी केबल पात्यांना लागतेय का ते पाहा.

आकड्याला घाबरणं

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं सॉफ्टवेअर टाकून तापमान पाहा. स्पीडफॅन जुन्या बोर्डांवर अजून उपयोगी पडतं, पण त्यात एखाद्या सेन्सरसमोर १२७ अंश दिसले तर मशीन पेटलं असं समजू नका. बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३, आय५ प्रोसेसरला भरपूर काम असताना ७० ते ७५ अंश चालतात. ८५ च्या वर सतत राहत असेल तर मशीन उघडायची वेळ झाली. शंभरीच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच ३६-३८ अंश असतील तर नुसत्या चालू मशीनने ५० दाखवणं हा बिघाड नाही. खोलीचं तापमान वजा करून उरलेला फरक बघा, जानेवारीतल्या आकड्याशी तुलना नको. आणि पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवा आणि धूळ एकत्र आली की फिन्सवर (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर) चिखल बसतो.

वरवरची सफाई

पाती पुसली की काम झालं असं वाटतं. खरी अडचण पंख्याच्या खाली असते. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला फिन्सचा धातूचा ठोकळा) यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचतो आणि हवा फिन्समध्ये शिरतच नाही. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग पंखा हीटसिंकवरून वेगळा करून सफाई करा. ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला टेकवू नका, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत जमते.

डेलच्या काही ऑप्टिप्लेक्स मॉडेलमध्ये हवा प्रोसेसरकडे वळवणारं प्लास्टिकचं आवरण असतं. सफाईनंतर ते नुसतं अडथळा वाटून बाजूला राहतं आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. तो भाग परत बसवाच.

पेस्ट आणि पिना

हीटसिंक एकदा उचलला की थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) नवीच हवी, जुन्या थरावर नवा थर नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसा. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी पुरे, दाबाने ती आपोआप पसरते. टूथपेस्ट लावायचा सल्ला ऐकू नका, ती काही दिवसांत वाळून भुगा होते.

जुन्या एएमडी मशीनवर (एएम२, एएम३ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) हीटसिंक थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

इंटेलच्या मूळ कूलरला (पंखा आणि हीटसिंकची जोडी) चार प्लास्टिकच्या पिना असतात. जुनी मशीन तापण्याचं हे सर्वात दुर्लक्षित कारण असावं: चारपैकी एक पिन नीट बसलेली नसते आणि कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो. समोरासमोरच्या तिरक्या जोड्या 'टक' आवाज येईपर्यंत दाबा आणि बोर्डाच्या मागून प्रत्येक पिन पूर्ण बाहेर आलीय का ते तपासा. नवा कूलर घेताना सॉकेट सांगा. एलजीए ७७५ सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७२ मिलिमीटर, ११५५ चं ७५. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही.

आता वेग

तापमान उतरलं, तरी पंखा सुसाटच? मग त्याची वायर पाहा. तीन पिनचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करून आवरतो, चार पिनचा पीडब्ल्यूएम संकेताने (चौथ्या पिनवरून येणाऱ्या चालू-बंद स्पंदांनी). तीन पिनचा पंखा चार पिनच्या जागी लावला आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीडब्ल्यूएम निवडलेलं असलं, तर त्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि तो पूर्ण वेगाने फिरतो. पर्याय असेल तर डीसी किंवा व्होल्टेज निवडा. असूसवर हे 'क्यू-फॅन' नावाखाली, गिगाबाइटवर 'स्मार्ट फॅन' नावाखाली सापडतं.

बायोसमध्ये केलेली सेटिंग प्लग काढला की पुसली जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळही मागे जात असेल. आधी तो बदला.

विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की टर्बो बूस्ट (प्रोसेसरने गरजेला आपोआप वेग वाढवणं) थांबतो. टायपिंग, ब्राउझिंगला फरक जाणवत नाही, तापमान मात्र उतरतं. पंख्याचा वेग दाबण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा.

खोबरेल तेल

कोरड्या बेअरिंगला खोबरेल तेल घालायची सवय सोडा. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. हिवाळ्यातल्या पहाटे पंखा अडखळेल किंवा फिरणारच नाही. स्टिकर अर्धवट सोलून, खाली रबरी बूच असेल तर ते काढून, शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका आणि स्टिकर नीट चिकटवा. गंज सोडवणारे स्प्रे उडून जातात, वंगण म्हणून टिकत नाहीत. तेलाने काही महिने निघतात. खरखर परत आली की पंखाच बदला.

एसएमपीएसचा पंखा वाजत असेल तर हा प्रयोग करू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास विद्युतभार असतो आणि प्लग काढल्यावरही तो उरू शकतो. बाहेरून ब्लोअर मारून पाहा. फरक पडला नाही तर पूर्ण एसएमपीएस बदला आणि तो घेताना जुन्यावरच्या लेबलचा फोटो, आकार आणि कनेक्टर दुकानदाराला दाखवा, कारण लहान ब्रँडेड कॅबिनेटमध्ये बाजारातला नेहमीचा एटीएक्स आकाराचा एसएमपीएस अनेकदा मावत नाही.