मागून गळतंय म्हणून फुगा फुगवू नका! संडासाच्या नळीच्या नेहमीच्या चुका

मी घरी जाऊन नर्सिंग करते, पेशंट बहुतेक अंथरुणाला खिळलेले. संडासवर ताबा राहिला नाही म्हणून गुदद्वारात नळी आणि खाली पिशवी लावलेली असते, आणि घरोघरी त्याच चुका बघून आता खरंच राग येतो.

सगळ्यात घातक म्हणजे नळीच्या बाजूने गळायला लागलं की नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात अजून पाणी ढकलणं. नेहमीच्या सिस्टीममध्ये फुग्याची मर्यादा 45 मिली पाणी किंवा सलाईन, हवा भरायचीच नाही. स्ट्रोक झालेले एक काका, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, सारखी चादर बदलायला लागते म्हणून मुलाने सिरिंजने पाणी वाढवलं, गळणं थांबलं म्हणून खूश झाला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत लालभडक रक्त. आत दाब बसून जखम झालेली, काकांना परत ऍडमिट करावं लागलं. दहा मिनिटं कारण शोधायला दिली असती तर टळलं असतं.

मी आधी नळी मांडीखाली दुमडलीये का बघते, पिशवी पेशंटच्या पातळीखाली आहे ना बघते, मग धुवायच्या पोर्टमधून, म्हणजे नळी धुवायला पाणी घालायच्या तोंडातून, कोमट पाणी सोडते (पोर्टवरचं लिहिलेलं वाचा हो, लोक तेच पाणी फुग्याच्या पोर्टमध्ये घालतात). तरी गळलं तर फुगा पूर्ण रिकामा करून मोजून भरायला नर्सला बोलवा.

दुसरी चूक, पातळ गळतंय म्हणजे जुलाब असं समजून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणणं. बरेच दिवस पोट साफ नाही आणि मग पाण्यासारखं झिरपतंय, तर आत संडासचा घट्ट खडा धरलेला असू शकतो आणि पातळ त्याच्या कडेने येतं. गोळीने खडा अजून घट्ट होतो. डॉक्टरांनी बोटाने तपासल्याशिवाय गोळीही नको, नळीही नको, कारण नळी पातळ संडासासाठीच असते, घट्ट व्हायला लागली की काढायची.

बाकी पटापट. स्वस्तात पडते म्हणून लघवीची नळी मागून घालू नका. मूळव्याध किंवा वर्षभरात तिथलं ऑपरेशन झालं असेल तर नळी घालायच्या आधीच सांगा. एक नळी 29 दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेरून चिकटवायची पिशवी असेल तर कातडी कोरडी हवी, केस कात्रीने कापा, रेझर नको, आणि चिकटवायच्या जागी क्रीम लावलंत तर ती तासाभरात सुटणार.