मुंबई ते सिंगापूर: आधी तारीख बघा, मग बॅग भरा

मुंबई ते सिंगापूर थेट विमानाने सुमारे ३,९०० किलोमीटर, साधारण साडेपाच तास. हे आम्हाला पाठ होतं. तरी विमान चुकलं, म्हणून ही यादी.

पहिली गोष्ट तारीख. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर घर १३ तारखेला सोडायचं. १३ च्या रात्री साडेनऊला मुंबईच्या सहार विमानतळाच्या टर्मिनल २ वर हजर. आम्ही १४ ची रात्र धरून बसलो होतो. १४ ला सकाळी पावणेसातला मी नाशिकच्या स्वयंपाकघरात चकल्यांचे डबे कागदात गुंडाळत होते आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून लेकीचा फोन आला, "आई, सगळे बाहेर आले, तुम्ही कुठे आहात?" जाण्याचं तिकीट बुडालं. जाताना हजर नाही म्हणून परतीचंही रद्द झालं. तेव्हा मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहा, "आज रात्री निघायचं." गाडीवाल्यालाही तीच आदली तारीख द्या. आणि तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, आपल्या डोळ्यांवर विसंबू नका.

आता वेळेचा हिशोब. तिकिटावर निघणं ००:४० आणि पोचणं ०८:४० दिसतं, वजाबाकी केली की आठ तास येतात. तसं नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. पूर्वी हा फरक दोनच तासांचा होता. १९८२ च्या १ जानेवारीपासून त्यांनी घड्याळ अर्धा तास पुढे घेतलं, म्हणून तिथे वर्षभर सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर सिंगापूरच्याच वेळेने हिशोब करा. आणि हो, तिथेही तारीख बघा.

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा. व्हिसा आधीच काढायचा, तिथे उतरून मिळेल या भरवशावर जाऊ नका. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म, पोचण्याचा दिवस धरून शेवटच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. हे तीन दिवस मोजतानाही पोचण्याची तारीख धरा, घर सोडण्याची नव्हे.

लोणचं, तूप मोठ्या बॅगेत, नीट सील करून. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. च्युइंगगम, गुटखा, खायची तंबाखू, ई-सिगारेट काहीही नेऊ नका, तिथे बंदी आहे आणि ते कडक आहेत. सिगारेटच्या एका पाकिटावरही कर लागतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर घ्या. औषधं, चिठ्ठीसकट. शाल, विमानात गार लागतं.

परतीला समोरून वारा असू शकतो, थोडा जास्त वेळ धरा. तिथून रात्री नऊला निघालेलं विमान इथे बाराच्या आगेमागे उतरतं, म्हणजे तारीख बदललेली असू शकते. न्यायला येणाऱ्याला नुसता वार सांगू नका, तिकिटावरची उतरण्याची तारीख आणि वेळ लिहून पाठवा.