आपण असा विचार का करतो, हे घरातच शोधायचं कसं

आपण पैसा कसा खर्च करतो, कोणासमोर आपला आवाज खाली येतो, कशाची भीती वाटते, यातलं बरंचसं आपण ठरवलेलंच नसतं, घरातून आलेलं असतं. पण "आजी, आपल्या घरचे संस्कार काय गं" असं विचारलं तर ती खरं बोलावं, मोठ्यांचा मान ठेवावा एवढं सांगते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून संस्कार विचारायचेच नाहीत. वस्तू विचारायची, सवय विचारायची.

आधी स्वतःची एकच सवय पकडा, जिच्यावरून घरात वाद होतो अशी असेल तर फारच उत्तम. माझी सांगते. मला कोणी ताटात टाकलेलं बघवत नाही आणि नोकरी बदलायची म्हटलं की पोटात गोळा येतो. लग्नानंतर नवऱ्याने विचारलं, एवढं कसलं टेन्शन घेते, तर मला सांगताच येईना, कारण आम्ही नाशिकच्या सिडकोत वाढलो, पप्पा अंबडला कंपनीत, उपाशी असे कधीच राहिलो नाही. मग एका रविवारी आजीसोबत गहू निवडायला बसले आणि एवढंच विचारलं की तू खाली सांडलेला दाणा न दाणा का उचलते. ती सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावातली, तिकडे पाऊस कायम कमीच. १९७२ च्या दुष्काळात पप्पा कडेवर होते, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे खायला सुकडी नावाचं कोरडं पीठ मिळायचं आणि घरी लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, त्या थापतानाच तुटायच्या म्हणे. बोलता बोलता तिने अंगठा पुढे केला, नख वाकडं, हातोडी बसलेली. ते नख मी लहानपणापासून बघतेय पण कधी विचारलंच नव्हतं. पप्पांचं "हातातलं काम सोडायचं नाही" हे वाक्य कुठून आलंय ते मला त्या दिवशी कळलं.

तर विचारताना हात कामात असू द्या, शेंगा फोडा, मेथी निवडा, समोरासमोर बसून इंटरव्ह्यू घेतला की माणूस आवरून बोलतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा पण सांगून करा. त्यांच्या बोलीतले शब्द सुधारू नका, अर्धी गोष्ट त्या शब्दातच असते. साल विचारू नका, ते आठवत नाही, त्याऐवजी मोठ्या घटनेला धरून विचारा, दुष्काळाच्या आधी का नंतर, १९६९ च्या महापुराच्या वेळी कुठे होता, २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात घरी कोण कोण होतं. जुन्या नाशकातले लोक पूरसुद्धा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, पाणी कमरेला होतं का गळ्याला, आणि त्यावरून सगळं आठवत जातं. आत्या आणि काका वेगवेगळं सांगतील, दोन्ही लिहून ठेवा, कोण खरं ते ठरवत बसू नका.

आजी-आजोबांच्याही मागे जायचं असेल तर पंचवटीत रामकुंडावर आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थावरचे पुरोहित शोधा. त्यांच्याकडे नामावळीच्या, म्हणजे घराण्यातल्या माणसांच्या नावांच्या वह्या असतात. जाताना मूळ गाव, आडनाव, आजोबा-पणजोबांचं नाव नक्की माहीत करून जा, त्याशिवाय वही सापडणं अवघड. आमच्या वहीत पणजोबांची सही निघाली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, शाळेत फार न गेलेल्या माणसाची. जुना मजकूर मोडी लिपीत असला तर वाचून घ्या, फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि निघताना आपली नोंद कराच, मुलींची नावं आवर्जून सांगा, मी माझ्या लेकीचं नाव उभं राहून लिहून घेतलं.

आता अवघड भाग, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. घरातून फक्त चांगलंच येतं असं नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्याच नाशकात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं त्यात होती, लढा १९३५ पर्यंत चालला. तेव्हा आपलं घर कुठल्या बाजूला होतं, हा प्रश्न प्रत्येक घराने विचारावा. मी विचारला. आजी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ते मला माहीत नाही बाई, पण सासऱ्यांच्या वेळी ओसरीच्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा, कामाला येणाऱ्यांचा, आणि तो त्यांनीच विसळायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पण होता, मी पण त्यातच चहा ओतला. हे ऐकून मला रेकॉर्डिंग बंद करावंसं वाटलं, पण केलं नाही, तुम्हीही करू नका. आडनाव ऐकलं की आपल्या मनात पटकन जो अंदाज येतो तो त्या कोनाड्यातूनच आलाय, हे कळल्याशिवाय तो थांबवणार कसा.

घरात दुसरीकडचं माणूस असेल तर त्यालाही सोबत घ्या. माझं सासर खानदेशातलं, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातली माणसं मोजून गहू घेतात आणि भाऊबंद एकत्र बसून खातात. तिथे माणूस मोजला जातो आणि आमच्याकडे दाणा, हे मला सासूबाईंशेजारी बसल्यावर दिसलं.

एका बैठकीत तासाभराच्या वर विचारू नका, म्हातारी माणसं दमतात आणि रात्री त्यांना झोप लागत नाही. आजीने त्या कपाचं सांगितलं त्यानंतर दोन दिवस ती फारसं बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली, "ये, अजून एक राहिलंय सांगायचं, मोबाईल पण घेऊन ये."