लग्नाच्या फोटोसाठी लाइट कसे निवडावेत? छोटे, हलके आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर न येणारे

पुण्यातल्या कार्यालयात मुहूर्ताच्या वेळी स्टेजवर पाय ठेवायला जागा नसते. वधूवर, गुरुजी, अंतरपाट धरणारे दोघे, पाठीशी दोन्हीकडचे मामा, करवल्या, आणि माइक हातात आला की सोडायला तयार नसलेला मंगलाष्टकं म्हणणारा एखादा काका. शिवाय व्हिडिओवाले. या गर्दीत सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी मोठी कापडी पेटी) लावलेला दांडगा लाइट उभा करायचा कुठे? केलाच, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांना अंतरपाटाऐवजी काळं कापड दिसेल, आणि ते तसं बोलूनही दाखवतील.

म्हणून लग्नासाठी लाइट घेताना वॉटचा आकडा आधी बघू नका. हल्लीच्या कॅमेऱ्यांना ढीगभर उजेड लागत नाही. योग्य बाजूने आलेला थोडका उजेड लागतो. नव्याने लग्नाची कामं घेणाऱ्यांसाठी, किंवा चुलतभावाच्या लग्नाचे फोटो अंगावर आलेल्यांसाठी, निवड कशी करायची ते इथे क्रमाने देतो.

१. खरेदीआधी कार्यालय बघून या

पेठांमधली जुनी कार्यालयं, डीपी रोडवरची लॉन्स आणि बाणेर-बालेवाडीकडचे बँक्वेट हॉल ही तीन वेगळी कामं आहेत. जुन्या कार्यालयात छत बहुधा पांढरं आणि फार उंच नसतं. तिथे कॅमेऱ्यावरचा एकच फ्लॅश छताकडे वळवून अर्धं लग्न निघतं. बँक्वेट हॉलमध्ये छत काळपट असेल किंवा सोनेरी पट्ट्यांचं पीओपी असेल, तर वर मारलेला उजेड एकतर गिळला जातो, नाहीतर पिवळा होऊन खाली येतो. लॉनवर छतच नाही.

जमलं तर तुमचं लग्न ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा. दुपारचा मुहूर्त आणि गोरज मुहूर्त यांत एकाच जागेचा उजेड पार वेगळा असतो. गेल्यावर तीन गोष्टी तपासा: छताचा रंग, स्टेजपासून पहिल्या खुर्चीचं अंतर, आणि तिथले दिवे लुकलुकतात का.

हे लुकलुकणं डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवून पाठोपाठ आठ-दहा फोटो काढा. फोटोत आडवे पट्टे आले किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा मंद आला, तर समजा. तिथे शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की बहुतेक वेळा भागतं. डेकोरेटरच्या रंगीत एलईडी पार लाइटना (स्टेजवर रंग टाकणाऱ्या दिव्यांना) मात्र हा हिशोब लागू होईलच असं नाही, कारण त्यांचं लुकलुकणं त्यांच्या स्वतःच्या सर्किटवर ठरतं.

२. ताकद किती हवी, ते आयएसओ लावून ठरवा

फ्लॅश पूर्ण ताकदीवर उडाला की पुन्हा तयार व्हायला साधारण दीड ते अडीच-तीन सेकंद घेतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात, वाजंत्री सुरू होते. या सगळ्यात तीन सेकंद म्हणजे फोटो गेलाच. पण आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, २०० ऐवजी १६०० लावला, तर तोच उजेड फ्लॅशच्या १/८ ताकदीत मिळतो. आता फ्लॅश सेकंदाच्या अगदी छोट्या भागात पुन्हा तयार होतो, बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर लख्खकन झाप येत नाही. आजच्या कुठल्याही बऱ्या कॅमेऱ्यात १६०० चा दाणा छापील अल्बममध्ये कुणाला दिसत नाही.

आणखी एक फायदा आहे. स्पीडलाइट कमी ताकदीवर उडतो तेव्हा त्याचा झोत फार थोडा वेळ टिकतो, म्हणून हवेतल्या अक्षता रेघा न होता दाणा-दाणा दिसतात.

मोठी ताकद लागते ती एकाच ठिकाणी: भर दुपारी उघड्या लॉनवर. तिथे उन्हाशी सामना असतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या वरच्या शटरला हाय-स्पीड सिंकशिवाय (जलद शटरलाही फ्लॅश चालवणाऱ्या सोयीशिवाय) चालत नाही. हाय-स्पीड सिंक लावला की फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते. अशी कामं जास्त येत असतील तरच २०० वॉट-सेकंदांचा (वॉट-सेकंद हे एका झोतातल्या ताकदीचं माप) लाइट घ्या.

३. प्रकार निवडा

स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश, ही पहिली खरेदी. डोकं सगळीकडे वळणारं हवं, लिथियम बॅटरीवर चालणारा असेल तर उत्तम. गोल डोक्याचे फ्लॅश दिसायला छान आहेत, पण छतावर मारलेल्या उजेडात गोल आणि चौकोनी यांचा फरक कुणी ओळखून दाखवावा.

दुसरा प्रकार छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या स्ट्रोबचा, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या फ्लॅशचा. गोडॉक्सचा एडी१००प्रो १०० वॉट-सेकंदांचा आहे, एडी२००प्रो २०० चा. दोन्ही खांद्यावरच्या बॅगेत मावतात, वायर लागत नाही. स्टेजच्या कोपऱ्यात ठेवायला १०० वाला पुरतो. तो इतका लहान आहे की फुलांच्या सजावटीत दिसतही नाही.

तिसरा एलईडी. दुकानात तो सगळ्यात आधी भुरळ घालतो, कारण जे दिसतं तेच फोटोत येतं. पण हॉलमध्ये दहा फुटांवरून बॅटरीवरचा छोटा एलईडी फारसं काही करत नाही, आणि सतत पेटता असल्यामुळे सगळ्यांत जास्त नजरेत येतो. त्याची खरी जागा गौरीहराच्या खोलीत. खोली बहुधा लहानशी, वर एक ट्यूबलाइट. नवरी पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली, हातात अक्षता, समोर गौरीहर आणि समई. तिथे फ्लॅश उडवला की समईची ज्योत मेली म्हणून समजा. हातात धरायचा कांडीसारखा एलईडी, रंग ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), उजेड अगदी तळाला, समईच्याच बाजूने धरला तर पाहणाऱ्याला तो समईचाच उजेड वाटतो. घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा त्याहून जास्त आहे ना ते बघा. कमी असेल तर हळदीचा रंग आणि त्वचेचा रंग दोन्ही मातकट येतात.

४. ट्रिगर आणि लाइट एकाच घराण्यातले घ्या

कॅमेऱ्यावर लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ट्रिगर (लाइट दुरून उडवणारं यंत्र) आणि सगळे लाइट एकाच कंपनीचे असले की ताकद जागेवरून बदलता येते, स्टेजवर चढावं लागत नाही. फार न दिसता काम करण्याचं अर्धं गुपित इथे आहे. ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या मेकचाच घ्यायचा. कॅननचा निकॉनवर पूर्ण चालत नाही.

घरी आल्यावर लगेच प्रत्येक लाइटची बीप बंद करा आणि मॉडेलिंग लॅम्पही (फ्लॅशमधला सतत पेटणारा छोटा दिवा) बंद करा. आणि शक्यतो मॅन्युअल वापरा, म्हणजे ताकद स्वतः ठरवा. टीटीएलमध्ये, म्हणजे ताकद कॅमेऱ्याने ठरवायची असते तेव्हा, मुख्य झोताआधी एक बारीक झोत उडतो, तेवढ्यावर काही जणांचे डोळे हमखास मिटतात.

५. स्टँड, क्लॅम्प आणि फोमचा तुकडा

मोठं सामान इथेच टाळायचं. घडी घातल्यावर हातभर होणारे दोन हलके स्टँड, दोन मजबूत क्लॅम्प, एक पांढरी छत्री. क्लॅम्पवर थोडे जास्त पैसे घाला, कारण डेकोरेटरच्या खांबाला वरच्या बाजूला अडकवलेला छोटा लाइट सगळ्यांत कमी दिसतो आणि मुलांच्या पळापळीत पडतही नाही. अर्थात डेकोरेटरला विचारून. आणि लाइटला सुरक्षेची दोरी बांधून.

लॉनवर छत्री उघडूच नका. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या आधी जो वारा सुटतो, त्यात छत्री शिडासारखी फुगते आणि स्टँडसकट एखाद्या मावशींच्या अंगावर जाते. तिथे कुणाच्या तरी हातात मोनोपॉड, त्याच्या टोकाला लाइट, चालता-फिरता स्टँड.

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशसाठी सगळ्यांत उपयोगी वस्तू दहा-वीस रुपयांची आहे. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठीचा काळा फोम शीट मिळतो. त्याचा वीतभर तुकडा रबरबँडने फ्लॅशच्या पुढच्या बाजूला लावा, म्हणजे उजेड फक्त मागे आणि वर जातो, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत थेट काही जात नाही. महागडे डिफ्यूझर पुष्कळ आहेत. बंद खोलीत ते या तुकड्यापेक्षा चांगला उजेड देतात असं मला वाटत नाही.

६. रंग जुळवा

फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जातीचा. कार्यालयातले पिवळे दिवे ३००० च्या आसपास. फ्लॅश तसाच मारला तर नवरी पांढरी आणि मागचा सगळा हॉल नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (पारदर्शक रंगीत कागद) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा आकडा) ३२०० वर ठेवला की दोन्ही एकाच रंगात येतात. पूर्ण आणि अर्धं, दोन्ही जेल पाकिटात ठेवा. जुन्या कार्यालयातल्या पांढऱ्या ट्यूबा ६५०० च्या असतात, तिथे जेलची गरज नाही.

स्टेजवर जांभळे-गुलाबी पार लाइट असतील तर कुठलंच जेल कामाचं नाही. डेकोरेटरला मुहूर्तापुरते समोरचे दिवे पांढरे करायला सांगा. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर करतो. ऐन वेळी तो सापडतच नाही.

७. कुठला लाइट कुठे

मुहूर्ताला वधूवर एकमेकांकडे तोंड करून उभे असतात, प्रेक्षकांकडे नाही. समोरून मधोमध मारलेल्या उजेडात दोघांचे कान तेवढे उजळतात. म्हणून स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटे लाइट, डोक्याच्या बरेच वर. डाव्या कोपऱ्यातला उजवीकडे उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावर, उजव्या कोपऱ्यातला डावीकडच्याच्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून लाइट फार लांब नेऊ नका आणि दोघांची अंतरं सारखी ठेवा. नाहीतर एक जण उजळ, एक जण सावळा, आणि अल्बम बघताना विहीणबाई नेमक्या तिथेच थांबतील.

मुंडावळ्या ही आपल्याकडची खास अडचण. उघड्या फ्लॅशच्या बारीक झोतात मोत्यांच्या सरांची सावली गालावर काळ्या रेघांसारखी पडते. फ्लॅशसमोर छत्री असली, किंवा उजेड छतावरून आला, की ती सावली विरून जाते. पैठणीची जरही अशीच: थेट उजेडात पदराचे काठ पांढरेफटक होतात, म्हणून फ्लॅशची ताकद अर्धा स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

होमाच्या वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. समोरून मारलेला उजेड धुरावर आपटून परत येतो आणि सगळा फोटो दुधाळ होतो. एकच लाइट बाजूला, किंचित मागून, १/१६ किंवा त्याहून कमी ताकदीवर ठेवा; धूर मग स्वतः उजळतो आणि लाजाहोमात लाह्या टाकणारे हात त्यातून उठून दिसतात. शटर १/१०० च्या आसपास ठेवलं तर होमाचा तांबूस उजेडही चेहऱ्यावर राहतो. गुरुजींच्या चष्म्यात लाइट दिसला तर तो हातभर वर सरकवा.

विहीण पंगतीला काही नको, फोमचा तुकडा लावलेला एक फ्लॅश पुरे. जेवणाऱ्यांच्या समोर स्टँड नेऊ नये.

८. बॅटरी आणि दोन माणसांशी बोलणं

प्रत्येक लाइटला एक जादा बॅटरी. फ्लॅश पेन्सिल सेलवर चालत असेल तर निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल, चार-चारचे जोड नंबर घालून. नवे-जुने एकत्र केले की सगळ्यांत दमलेला सेल बाकीच्यांना खाली ओढतो. बाहेरगावच्या लग्नाला विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत; चेक-इन सामानात चालत नाहीत.

सामान लावायचं ते पाहुणे यायच्या आधी. त्यानंतर गुरुजींना भेटा, होमाभोवती फेरे कुठून होणार ते विचारा आणि त्या वाटेवर स्टँड ठेवू नका. मग व्हिडिओवाल्याला भेटा. तुमचा फ्लॅश उडाला की त्याच्या एखाद्या फ्रेममध्ये अर्धा पांढरा पट्टा येऊ शकतो, म्हणून मंगळसूत्र आणि सप्तपदीला तुम्ही किती वेळा फ्लॅश मारणार ते आधी ठरलेलं बरं. त्याचा एलईडी चांगला असेल तर तुमचा एक लाइट बंद ठेवून त्याच्याच उजेडात काम करा.

९. खरेदीचा क्रम

पहिल्या हंगामात एक स्पीडलाइट, फोम आणि जेल. दुसरा खर्च ट्रिगर, एक १०० वॉट-सेकंदांचा स्ट्रोब, स्टँड आणि क्लॅम्प. दुसरा स्ट्रोब एका लग्नापुरता भाड्याने आणून बघा. दोन कोपऱ्यांची मांडणी हाताला बसली की मगच विकत घ्या. एलईडी कांडी त्यानंतर. मोठा सॉफ्टबॉक्स रिसेप्शनच्या ग्रुप फोटोंसाठी लागलाच, तर तोही भाड्याचा.