दूरच्या तलावावर मासेमारीचा आठवडा: काय न्यायचं, कुठे गळ टाकायचा, काय बिघडतं

रस्ता संपतो त्याच्याही पुढे, फक्त होडीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने पोहोचता येतं अशा लॉजवर आठवडाभर राहायचं, तर सगळी तयारी एका हिशोबावर उभी असते: जे सोबत नेलं नाही, ते आठवडाभर मिळणार नाही. यावरून बरेच गट आमिषांच्या पेट्या वाढवत नेतात. पण आमिष कमी पडल्याने आठवडा सहसा वाया जात नाही. एकुलती एक पक्कड तळाशी जाते, काठीचं टोक मोडतं, आणि त्याहून जास्त वेळा लोक मासे नसलेल्या खोलीवर दिवसभर गळ टाकत बसतात, म्हणून तो वाया जातो.

खालचं सगळं उत्तर अमेरिकेतल्या, उत्तरेकडच्या थंड, खोल तलावांना धरून आहे. तिथे लोक प्रामुख्याने वॉलआय, नॉर्दर्न पाइक आणि लेक ट्राउट या तीन माशांसाठी जातात.

गट, परवाना, वजन

गट सम संख्येचा असावा, चार किंवा सहा जणांचा. लॉजच्या होड्या बहुतेक १४ ते १६ फुटी असतात आणि त्यात दोघांनाच मोकळेपणाने गळ फेकता येतो. तिसरा बसला की पाठीमागे फेकलेला गळ कुणाच्या तरी टोपीत नाहीतर कानात जातो. होडीतल्या जोड्या रोज बदला. गटात अनुभवी लोक कमी असतील तर हे फार महत्त्वाचं, नाहीतर एका होडीला रोज मासे मिळतात, दुसरीला मिळत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते.

परवाना घरूनच काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा, कारण तिथे नेटवर्क नसेल. नियम वाचताना दोन आकडे वेगळे पाहा: दिवसाला किती मासे ठेवता येतात, आणि एकूण किती जवळ बाळगता येतात. दुसऱ्या आकड्यात अनेक ठिकाणी फ्रीजरमधले मासेही धरले जातात, त्यामुळे रोजची मर्यादा सात दिवस गाठत राहिलं तर गुन्हा होतो. कोणत्या लांबीचे मासे सोडावेच लागतात, जिवंत आमिष चालतं का, गळाला उलटा काटा चालतो का, हेही तेव्हाच बघून घ्या.

विमानाने जाणार असाल तर माणशी किती किलो चालतं ते आधी विचारा आणि सामान घरीच काट्यावर ठेवा. या कामाला अजूनही वापरलं जाणारं डी हॅविलँड बीव्हर हे विमान १९४७ साली पहिल्यांदा उडालं. त्याच्या पोटात मऊ पिशव्या कोंबून बसतात, कडक सुटकेस बसत नाही. शिसं फार वजन खातं, म्हणून ते मोजूनच घ्या. अस्वलाला पळवायचा फवारा सोबत असेल तर वैमानिकाला चढण्याआधी सांगा. तो केबिनमध्ये फुटला तर वैमानिकाचे डोळे मिटतील.

सामान: जे मोडतं ते दोन

माणशी दोन काठ्या पुरतात. एक मध्यम, साधारण ६ ते साडेसहा फुटी, ३ ते ४ किलो ताकदीच्या नायलॉन दोऱ्यासह, ही वॉलआयसाठी. दुसरी जाड, ७ फुटी, १५ किलो ताकदीच्या विणलेल्या दोऱ्यासह. ही पाइकसाठी आणि ट्राउटला होडीमागून आमिष ओढण्यासाठी. गटात मिळून एक जास्तीची काठी आणि एक जास्तीचं रीळ असू द्या. काठी मोडते ती बहुतेक वेळा माशामुळे नाही, तर होडीत आडवी टाकलेली असताना पायाखाली येऊन. टोकाची दोन-तीन कडी आणि गरम करून लावायचा गोंद जवळ असेल तर मोडलेली काठी दहा मिनिटांत पुन्हा कामाला लागते.

वॉलआयसाठी जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्यावर रबरी शेपटी. वजनाचा अंदाज असा धरा: दर ३ मीटर खोलीला साधारण साडेतीन ग्रॅम, वारा असेल तर त्याहून एक पायरी जड. माणशी पंचवीस जिग घ्या, कारण खडकाळ तळ ते गिळतच राहतो. पाइकसाठी पाच-सहा चमचे पुरतात. हे धातूचे चमच्यासारखे लकाकणारे आमिष असतात. त्यांच्यासोबत प्रत्येकी निदान चार पोलादी तारेचे लीडर हवेत, म्हणजे दोरा आणि आमिष यांच्यामध्ये लावायचे तुकडे, ३० सेंटिमीटर लांबीचे. पाइकचे दात साधा दोरा कापतात, आणि मग तो तोंडात चमचा घेऊन निसटतो. त्यात आमिष जातंच, शिवाय माशाचे हालही होतात.

लांब तोंडाच्या पकडी दर होडीला दोन, तार कापणारी कात्री एक, रबरी जाळीचं हातजाळं एक. हे सगळं दोरीने होडीला बांधा. ध्रुवीकृत काचांचा चष्मा प्रत्येकाला हवा. पाण्याखालचे खडक आणि गवत त्यातूनच दिसतात आणि उडालेल्या गळापासून डोळाही वाचतो. डासांसाठी डीईईटी असलेलं मलम लावाल तर तळहात धुवूनच दोऱ्याला आणि आमिषांना हात लावा, कारण ते प्लास्टिक विरघळवतं.

गाठ एकच शिका पण अंधारात बांधता येईल इतकी शिका: पालोमार. दोरा दुमडून गळाच्या डोळ्यातून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या भोकातून न्यायचा, साधी गाठ सैल मारायची, त्या फासातून अख्खा गळ काढायचा आणि ओढायचं. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते, नायलॉन कमजोर होतो आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच झटक्याला तुटतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरा सुटू देणारा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश इतका ठेवा. ४ किलोच्या दोऱ्याला एक किलोच्या थोडं वर ओढ लागली की रीळ सुटायला हवं. साध्या ताणकाट्याने हे मोजता येतं.

मासे किती खोलीवर आहेत

आमिषाचा रंग हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न खोलीचा, आणि त्याचं उत्तर पाण्याच्या तापमानात असतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. वसंतात बर्फ वितळल्यावर वरपासून खालपर्यंत पाणी एकसारख्या तापमानाचं होऊन ढवळलं जातं, आणि तेव्हा ट्राउटसुद्धा काठाजवळ, दोन-तीन मीटरवर सापडतात. उन्हाळा चढला की वर कोमट थर, खाली थंड थर आणि मध्ये झपाट्याने थंड होत जाणारा पट्टा तयार होतो. लेक ट्राउटला ८ ते १२ अंशांचं पाणी मानवतं, म्हणून ते या पट्ट्यात किंवा त्याखाली जातात. वॉलआयला १८ ते २२ अंश चालतात. पाइक तरुण असेल तर उथळ गवतात राहतो, पण मोठा झाल्यावर त्यालाही गार पाणी हवं असतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात गवताळ खाडीत दिवसभर छोटेच पाइक मिळत असतील तर गवताच्या बाहेरच्या कडेला, जिथे तळ एकदम खाली जातो, तिथे सरका.

म्हणून पोहोचल्यावर पहिली संध्याकाळ गळ न टाकता घालवा. हे ऐकायला जड जातं, पण पुढचे सहा दिवस त्यातून सुटतात. दोऱ्याला दर मीटरवर खूण करा, टोकाला थर्मामीटर बांधा आणि दोन-दोन मीटरवर मिनिटभर थांबवून तापमान लिहा. जिथे आकडा अचानक घसरतो, तो पट्टा. खोली मोजायचं यंत्र असेल तर काठालगत फिरून पाण्यात घुसलेली जमिनीची नाकं, बुडालेले खडक, ओढ्यांची तोंडं आणि गवताच्या कडा नकाशावर नोंदवा.

वॉलआयच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो. मंद उजेडात त्याला भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला तो दिसत नाही, म्हणून पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस त्याचे. भर दुपारी स्वच्छ पाण्यात तो खोल जातो किंवा गप्प बसतो. वारा मात्र दुपारही सुधारतो. लाटांमुळे उजेड फुटतो, आणि ज्या काठावर वारा आदळतो तिथे सूक्ष्मजीव, त्यांच्यामागे छोटे मासे आणि त्यांच्यामागे वॉलआय येतात. आरामशीर, निवाऱ्याची बाजू सोडून लाटांच्या बाजूला जायचा कंटाळा करू नका, अर्थात होडी झेपेल तोवरच.

जिग तळाला टेकू द्या, दोरा सैल पडल्याचं दिसेल. मग काठीचं टोक वीतभर उचला आणि ताण ठेवूनच खाली सोडा. मासा बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो. सैल सोडलात तर ती टिचकी बोटाला कळतच नाही. चमचा फेकल्यावर तो सेकंदाला साधारण एक फूट बुडतो असं धरून मनात मोजा. आठवर मासा लागला तर पुढच्या वेळीही आठच मोजा. होडीमागून ओढताना वॉलआयसाठी ताशी २ ते ३ किलोमीटर, पाइकसाठी ३ ते ५. एकाच जागी अर्धा तास काही लागलं नाही तर आमिष बदलण्याआधी खोली बदला.

होडी आणि पाणी

निघताना बुडातलं बूच लावलंय का ते पाहा. होडी बुडण्याचं हे सर्वांत साधं कारण आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाला ५०:१ मिश्रण लागत असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. चार-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचं नसतं, म्हणून डब्यांवर खुणा करा. इंधनाचे तीन भाग धरा: जायला एक, यायला एक, आणि शिल्लक एक. लहान इंजिनाच्या पंख्याला एक मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन असते, पंखा खडकाला आपटला की ती तुटून गिअर वाचवते. तशा चार पिना आणि पाना जवळ ठेवा. पिनेच्या जागी खिळा घातलात तर पुढच्या खडकाला गिअरच जाईल. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी, आणि नांगर नेहमी पुढून टाका. मागून टाकलेल्या नांगराने होडीचा मागचा, जड भाग लाटेला तोंड देतो आणि पाणी आत येतं.

जीवरक्षक जाकीट बसायला घेण्यासाठी नाही, अंगात घालण्यासाठी आहे. थंडीचा शरीरावर काय परिणाम होतो याचे अभ्यासक, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिस्ब्रेख्त थंड पाण्याबद्दल तीन आकडे सांगतात: १, १० आणि १. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. जाकीट नसलेला माणूस बहुतेक वेळा त्या तासापर्यंत पोहोचतच नाही.

सकाळी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जा, म्हणजे दुपारी वारा वाढला किंवा इंजिन बंद पडलं तरी तो तुम्हाला लॉजकडे ढकलेल. प्रत्येक होडीने कोणत्या खाडीत जातोय आणि किती वाजता परतणार, हे लॉजमधल्या फळ्यावर लिहावं. वीज चमकून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर काठ गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक यंत्र गटात हवंच, आणि ते दोघांना तरी वापरता यायला हवं.

मासा सोडताना, आणि गळ माणसाला लागला तर

तिहेरी गळाचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा. दोरा ताणलेला ठेवला तर मासे फारसे निसटत नाहीत. हात ओले करा, मासा जाळ्यातच पाण्यात ठेवून गळ काढा, फोटोसाठी उचलायचा तर दोन्ही हातांनी आडवा धरून दहा सेकंदांत परत. कल्ल्यांच्या लाल पाकळ्यांना बोट लागू देऊ नका. वॉलआयला हवेची पिशवी पटकन रिकामी करता येत नाही. साधारण दहा मीटरच्या खालून वर ओढला की ती फुगते, आणि सोडलेला मासा पुष्कळदा जगत नाही. तिथे पकडलेले खायला ठेवा, मर्यादा भरली की उथळ जागी जा.

गळ माणसाच्या कातडीत उलट्या काट्यापर्यंत रुतला तर आधी तो आमिषापासून कापून वेगळा करा. मजबूत दोऱ्याचा फास गळाच्या वाकावर टाका, गळाचा डोळा कातडीवर दाबून धरा, आणि दोरा कातडीला समांतर, गळाच्या दांड्याच्या दिशेने एकदम झटक्यात ओढा. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर काढू नका, हलणार नाही असा बांधा आणि मदत बोलवा. धनुर्वाताची लस निघण्याआधीच तपासून घ्या.

जेवण आणि परत येणं

मासे मिळतीलच असं धरून शिधा नेऊ नका. धुकं किंवा वारा असेल तर विमान येत नाही, म्हणून दोन दिवसांचं अन्न आणि रोजची औषधं जास्तीची ठेवा. तलावाचं पाणी एक मिनिट खळखळून उकळा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊ नका, त्यात पट्टकृमी असू शकतो. मधला भाग ६३ अंशांपर्यंत शिजला की चालतो. साफ केलेल्या माशांची घाण लॉजजवळ टाकली तर अस्वलं येतात. लॉजचालक सांगेल त्याच जागी ती न्या.

घरी न्यायचे तुकडे शेवटच्या दोन दिवसांतले ठेवा. अनेक ठिकाणी ओळख पटावी म्हणून तुकड्यावर कातडीचा भाग राखावा लागतो आणि तुकडे मोजता येतील असे वेगवेगळे गुंडाळावे लागतात. एका गोळ्यात गोठवलेलं पाकीट तपासणीत अडकतं. आमिषाचं उरलेलं पाणी तलावात ओतू नका. बूट, जाळी आणि नांगराची दोरी चिखल धुवून पूर्ण वाळवा, तरच पुढच्या तलावावर न्या.